आट्यापाट्या आठ बिटांत: जुन्या टीव्ही गेमसाठी कॅसेट बनवतानाच्या नोंदी

नव्वदच्या दशकात आपल्याकडे जे टीव्ही गेम घरोघरी होते (समुराई, लिटल मास्टर आणि बिननावाचे कितीतरी) ते जवळपास सगळे जपानच्या १९८३ च्या फॅमिकॉम या गेम मशीनच्या जातीचे. आत १.७९ मेगाहर्ट्झच्या आसपास चालणारा ६५०२ जातीचा प्रोसेसर, २ केबी रॅम, पडद्यावर २५६ बाय २४० ठिपके, आणि वरून खोचायची ६० पिनांची कॅसेट. या मशीनवर आट्यापाट्यांचा गेम करायचा, पडद्यावरची सगळी अक्षरं देवनागरी ठेवायची, आणि शेवटी खरी कॅसेट बनवून खऱ्या टीव्हीवर खेळायचं, एवढं ठरवून काम सुरू केलंय. इंग्रजीत या विषयावर भरपूर माहिती आहे पण ती बहुतेक अमेरिकन मशीन धरून लिहिलेली, आपल्या इकडच्या ५० हर्ट्झच्या (सेकंदाला ५० चित्रं दाखवणाऱ्या) मशीनवर ती जशीच्या तशी लागू पडत नाही, म्हणून या नोंदी.

९ जून २०२४

जुन्या बाजारातून मशीन आणलं, ३५० रुपये. सोबत दोन पॅड आणि एक कॅसेट, अडॅप्टर नाही. अडॅप्टरच्या बाबतीत घाई करू नका, या मशीनांमध्ये पिनेच्या आत प्लस की मायनस हे एकसारखं नसतं. झाकण उघडून ७८०५ रेग्युलेटरच्या पायांपासून मागे माग काढत मल्टिमीटर लावला, माझ्या मशीनला आत मायनस लागतं. ९ व्होल्टचा अडॅप्टर पुण्यातल्या तपकीर गल्लीतून घेतला, १८० रुपये, पिनेच्या वायरी उलट करून जोडल्या.

आत यूएमसी कंपनीच्या यूए६५२७पी (प्रोसेसर) आणि यूए६५३८ (चित्र काढणारी, म्हणजे पीपीयू) या दोन वेगळ्या चिपा दिसल्या तेव्हा फार आनंद झाला. नव्या स्वस्त मशीनमध्ये सगळं एका काळ्या थेंबाखाली असतं, त्यात काय चाललंय ते कळत नाही आणि दुरुस्तीही करता येत नाही. घ्यायचं असेल तर झाकण उघडून दाखवायला सांगा.

स्लॉट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने साफ केला. लहानपणी सगळे फुंकर मारायचे, ते नका करू, तोंडातल्या ओलाव्याने पितळ काळं पडतं.

१५ जून

साधनं ठरली. भाषा सी, कंपायलर सीसी६५, त्यावर नेसलिब ही छोटी लायब्ररी, चित्रांसाठी एनईएस स्क्रीन टूल, संगीतासाठी फॅमिट्रॅकर आणि वाजवायला फॅमिटोन २, तपासायला मेसेन एम्युलेटर (लॅपटॉपवर मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम). सगळं फुकट. असेंब्ली थोडी वाचता आली तर बरं, पूर्ण यायलाच पाहिजे असं नाही.

कॅसेटचा प्रकार सर्वात साधा, एनरॉम. प्रोग्रॅमला ३२ केबी, चित्रांना ८ केबी, बस. बँक बदलणारी चिप नाही काही नाही. पहिल्यांदा करणाऱ्याने दुसरं काही घेऊच नये.

आता खेळ. खऱ्या मैदानात नऊ पाट्या (आडवे पट्टे, प्रत्येकावर पळणाऱ्यांना अडवणारा एक पाटीवाला) आणि मधून उभी सूरपाटी, तिच्यावर धावतो तो सूर. पडदा २४० ठिपके उंच. गडी १६ बाय १६ ठिपक्यांचा धरला, पाटी १६ ठिपके रुंद, दोन पाट्यांमध्ये १६ ठिपक्यांची मोकळी कोंडी, म्हणजे एका पाटीमागे ३२ ठिपके. नऊ पाट्या बसणार नाहीत हे लगेच दिसलं. सहा घेतल्या. पडदा वर सरकवत नऊ दाखवता आल्या असत्या पण आट्यापाट्यांत पुढच्या दोन-तीन पाट्यांवर कोण कुठे उभा आहे हे बघूनच पळणारा निर्णय घेतो, मैदान एका नजरेत दिसलंच पाहिजे. त्यामुळे स्क्रोल नको.

२२ जून

मैदान काढलं. मातीचा तपकिरी रंग आणि फक्कीच्या पांढऱ्या रेघा. इथे एक गोष्ट आधी समजून घेतलेली बरी: बॅकग्राउंडचा रंगसंच ८ बाय ८ च्या टाइलला (चित्राच्या सर्वात लहान तुकड्याला) नाही, १६ बाय १६ च्या चौकोनाला मिळतो. एकूण चार रंगसंच, प्रत्येकात तीन रंग आणि सगळ्यांना मिळून एक सामाईक रंग. पाटी १६ च्या पटीत ठेवली म्हणून सूरपाटी आणि आडव्या पाट्या वेगळ्या छटेच्या करता आल्या, आठ ठिपके इकडेतिकडे असत्या तर अर्धी पाटी एका रंगात आणि अर्धी दुसऱ्यात दिसली असती. मैदान आखताना आधी १६ चं चौकटीचं जाळं काढा, मग त्यात खेळ बसवा.

३० जून

देवनागरी. अख्खा आठवडा यात गेला आणि मला विचाराल तर सगळ्यात समाधानाचं कामही हेच.

बॅकग्राउंडला एका वेळी २५६ टाइल मिळतात, प्रत्येक ८ बाय ८. इंग्रजी अक्षर एका टाइलमध्ये बसतं, २६ अक्षरं आणि १० आकडे की काम झालं. आपलं तसं नाही. ८ ठिपक्यांच्या उंचीत 'गुण' लिहून बघितलं, शिरोरेखा, अक्षराचं अंग आणि खाली उकार, सगळं एकमेकांत घुसलं, ठिपक्यांचा गिचका झाला. मग उंची १६ केली. वरच्या चार ओळी वेलांटी आणि मात्रेला, पाचव्या ओळीत शिरोरेखा, पुढच्या आठ ओळी अक्षराला, खालच्या तीन उकार-ऊकाराला. या मापात 'वेळ', 'गुण', 'बाद', 'सुरू करा' हे सगळं नीट वाचता येतं.

शिरोरेखा नेहमी त्याच ओळीत असल्यामुळे शेजारच्या दोन टाइल आपोआप जोडल्या जातात. मला वाटलं होतं जोडणं सर्वात कठीण जाईल, प्रत्यक्षात तिथे काहीच करावं लागलं नाही.

अडचण आली ती रुंदीत. 'र' अरुंद, 'ळ' रुंद, आठच्या पटीत कोणीच बसत नाही. पूर्ण फॉन्ट करायचा नाद सोडला. त्याऐवजी गेममध्ये लागणारे शब्द आधी लिहून काढले, प्रत्येक शब्द एक पट्टी म्हणून रंगवला, मग पट्टी आठ-आठ ठिपक्यांत कापून सारख्या निघालेल्या टाइल एकच ठेवल्या. सुरुवातीला सारख्या टाइल फारशा निघेनात. मग काना नेमक्या कुठल्या उभ्या ओळीत पडतो ते ठरवून टाकलं: टाइलच्या डावीकडून सातव्या. 'ग', 'ण', 'आ' यांचा शेवटचा काना सुटा असतो, त्यामुळे शिरोरेखा आणि काना एवढीच असलेली एक टाइल सगळ्यांना चालते. 'ट' आणि 'द' च्या डोक्यावरचा शेंडीचा भागही एक सारखा करून घेतला. शब्दांच्या टाइल यामुळे जवळपास निम्म्यावर आल्या. 'आट्यापाट्या' हे शीर्षक मात्र मोठ्या अक्षरात चित्र म्हणूनच काढलं, 'ट्या' चा जोड तुकड्यांतून जोडायला गेलं की बिघडतो.

आकडे ८ बाय ८ मध्ये बसवले. १ आणि ९ लांबून सारखे दिसतात, ९ चं पोट जरा जास्त फुगवलं आणि १ ची शेपटी सरळ खाली नेली. ५ आणि ६ चंही तसंच. घड्याळाचे आकडे सतत बदलत असतात तेव्हा हा फरक फार महत्त्वाचा.

१३ जुलै

गडी पळायला लागले आणि लगेच गायब व्हायला लागले.

कारण असं. या मशीनवर एकूण ६४ स्प्राइट (बॅकग्राउंडवर हलणारे छोटे चित्रतुकडे), पण एका आडव्या ओळीत फक्त ८ दिसतात. माझा एक गडी म्हणजे रुंदीत दोन स्प्राइट. म्हणजे एका ओळीत चार गडी, पाचवा दिसतच नाही. आट्यापाट्यांत एका पाटीवर पाटीवाला, त्यात सूर धावत आला, आणि तीन पळणारे एकदम घुसले की पाच झाले. नेमका खेळ रंगात येतो तेव्हाच एक गडी अदृश्य.

उपाय दोन केले. पहिला नेहमीचा: दर फ्रेमला (पडद्यावरच्या प्रत्येक नव्या चित्राला) स्प्राइटच्या यादीत सुरुवात वेगळ्या गड्यापासून करायची, म्हणजे कोणी एकच कायमचा गायब न होता सगळे आळीपाळीने लुकलुकतात. ५० हर्ट्झवर ही लुकलुक ६० पेक्षा जास्त डोळ्यांना जाणवते. म्हणून दुसरा: कॉम्प्युटरच्या हातातले दोन पळणारे, खेळणाऱ्याचा गडी ज्या पाटीत आहे त्या पाटीत एकाच वेळी घुसत नाहीत, एक जण मागच्या कोंडीत थांबून डाव्या-उजव्या बाजूला हूल देतो. बघताना ते मुद्दाम केलेलं वाटत नाही, उलट खऱ्या खेळासारखंच वाटतं, कारण खरे खेळाडूही एकाच्या मागे एक अशीच संधी बघतात.

२१ जुलै

वेग कमी पडतोय. सहा पाटीवाले, एक सूर, तीन पळणारे, प्रत्येकाची प्रत्येकाशी टक्कर तपासायची, आणि मध्येच फ्रेम चुकून सगळा खेळ अडखळतो.

सीसी६५ हुशार कंपायलर नाही, तुम्ही लिहाल तसंच्या तसं करतो. जे बदललं ते असं: स्ट्रक्टचा अ‍ॅरे (प्रत्येक गड्याची सगळी माहिती एकत्र ठेवणारी यादी) काढून एक्ससाठी वेगळा अ‍ॅरे, वायसाठी वेगळा, हे सर्वात जास्त उपयोगी पडलं. सगळीकडे इंट ऐवजी अनसाइन्ड कॅर. फंक्शनमधले लोकल व्हेरिएबल स्टॅटिक करायचं सेटिंग चालू केलं, आणि सारखे लागणारे व्हेरिएबल झीरो पेजमध्ये (रॅमच्या सर्वात झटपट वाचता येणाऱ्या भागात) टाकले. गुण दाखवायला १० ने भागत होते, या प्रोसेसरला भागाकार येतच नाही, तो लायब्ररीतून होतो आणि फार वेळ खातो, म्हणून एकक आणि दशक वेगवेगळे ठेवले आणि ९ नंतर हातचा एक पुढे नेला. टक्कर तपासताना आधी दोघं एकाच पाटीत आहेत का ते बघायचं, नसतील तर पुढचं गणितच करायचं नाही. एवढं केल्यावर निम्म्याहून जास्त फ्रेम मोकळी राहते.

४ ऑगस्ट

पाटीवाले जिंकत सुटले होते. पळणाऱ्याचा एक्स बघायचा आणि तिकडे सरकायचं, एवढंच त्यांना शिकवलं होतं, वेग दोघांचा सारखा, त्यामुळे पहिली पाटीच ओलांडता येईना. पाटीवाल्याचा वेग कमी करून बघितला तर उलट सगळेच सुटायला लागले.

सांगलीचे मामा आले होते, ते तरुणपणी खेळलेत. लॅपटॉपवर थोडा वेळ खेळले आणि म्हणाले, "अगं, पाटीवाला एवढा कसा हुशार? त्याला हूल लागलीच पाहिजे. तू डावीकडे गेलीस की त्याचं अंग डावीकडे झुकतं, मग लगेच उजवीकडे वळायला त्याला वेळ लागतो. सगळा खेळ त्यात आहे."

मामांचं म्हणणं तसंच्या तसं प्रोग्रॅममध्ये घातलं. पळणाऱ्याच्या जागेची मागच्या १२ फ्रेमची आठवण ठेवली आणि पाटीवाल्याला आत्ताची जागा न दाखवता १२ फ्रेम जुनी दाखवली, म्हणजे साधारण पाव सेकंद उशिरा. शिवाय दिशा बदलताना त्याला चार फ्रेम थांबायला लावलं. आता हूल लागते. सूराला फक्त ६ फ्रेमचा उशीर ठेवला, तो जास्त चपळ वाटला पाहिजे. अ‍ॅरेला लागल्या फक्त काही डझन बाईट, पण गेम खऱ्या अर्थाने आज तयार झाला.

एक छोटी गोष्ट: दर वेळी मशीन चालू केलं की पाटीवाले त्याच क्रमाने त्याच हालचाली करायचे, कारण रँडमची सुरुवात तीच. शीर्षकाच्या पडद्यावर स्टार्ट दाबेपर्यंत फ्रेम मोजायच्या आणि तो आकडा रँडमला द्यायचा, झालं.

११ ऑगस्ट

कॅसेटचा बोर्ड मागवला. जुनी कॅसेट उघडून तिच्यातली चिप बदलायचा विचार होता पण आपल्याकडच्या बहुतेक कॅसेटांत काळा थेंबच असतो, काढायला चिप नसते. त्यामुळे ६० पिनांचा कोरा बोर्ड, पाच नग, टपालासकट १४०० रुपये. जाडी १.२ मिमी सांगितली, पिनांवर सोन्याचा मुलामा, आणि कड तिरपी घासलेली, नाहीतर स्लॉट ओरबाडला जातो. पिनांमधलं अंतर २.५४ मिमी असतं, अमेरिकन ७२ पिनांच्या कॅसेटचं २.५० असतं, डिझाइन उतरवून घेताना हे बघा, थोडासा फरक वाटतो पण ३० पिनांपर्यंत पोहोचेस्तोवर एक मिमीहून जास्तच सरकलेलं असतं.

चिपा डब्ल्यू२७सी५१२, प्रत्येकी १२० रुपये. ही ६४ केबीची चिप आहे, गरजेपेक्षा मोठी, पण प्रोग्रॅमरवरच (चिप भरायच्या यंत्रावरच) पुसता येते, अल्ट्राव्हायोलेट दिवा लागत नाही. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून आलेल्या चार चिपांपैकी एकीचा आयडी जुळेना आणि ती पुसलीही जाईना, वरची छपाई नखाने निघाली, जुन्या चिपेवर नवं नाव छापलेलं. पैसे परत मिळाले, दहा दिवस गेले. प्रोग्रॅमर एका मित्राचा वापरला, विकत घ्यायचा तर पाच हजारांच्या आसपास जातो आणि या छंदात तोच सर्वात मोठा खर्च.

२४ ऑगस्ट

बोर्ड आले. सोल्डरिंग तासाभरात झालं. थेट चिप सोल्डर करू नका, सॉकेट लावा, कॅसेटच्या कवचात मावत नसलं तरी सुरुवातीला उघड्या बोर्डवरच काम करायचंय.

चिप भरताना: गेमची फाइल म्हणजे १६ बाईटचा हेडर, मग ३२ केबी प्रोग्रॅम, मग ८ केबी चित्रं. हेडर फक्त एम्युलेटरसाठी असतो, तो कापून टाकायचा आणि दोन भाग दोन चिपांत भरायचे. हेडर राहिला तर सगळं १६ बाईटने सरकतं आणि पडदा नुसता करडा.

मी हेडर कापला होता तरी प्रोग्रॅम चालला नाही, आणि चित्रं कधी बरोबर तर कधी नुसत्या चौकोनांची रांगोळी. बोर्ड हलवला की बदलायचं, त्यामुळे आधी सोल्डरिंगवर संशय घेतला आणि सगळे पाय पुन्हा तापवले. काही फरक नाही. मग डेटाशीट शेजारी शेजारी लावल्या आणि सापडलं.

बोर्ड २७सी२५६ आणि २७सी६४ या लहान चिपांसाठी आखलेला. २७सी२५६ चा १ नंबरचा पाय व्हीपीपी (चिप भरतानाच लागणारा व्होल्टेज), तो बोर्डवर ५ व्होल्टला बांधलेला. माझ्या ५१२ चिपेचा १ नंबरचा पाय म्हणजे ए१५, पत्त्याचा सर्वात वरचा पाय. तो कायम वर, म्हणजे मशीन चिपेचा वरचा अर्धा भाग वाचतंय आणि मी भरला होता खालचा. चित्रांच्या चिपेचं आणखी वेगळं: २७सी६४ ला २६ नंबरचा पाय रिकामा असतो, म्हणून बोर्डवर त्याला काहीच जोडलेलं नाही. ५१२ मध्ये तोच पाय ए१३. हवेत लोंबकळणारा पत्त्याचा पाय हात जवळ नेला तरी बदलतो, म्हणून कधी बरोबर कधी रांगोळी.

उपाय सोपा. प्रोग्रॅम दोनदा आणि चित्रं आठ वेळा, एकापाठोपाठ एक भरून चिप पूर्ण भरायची, मग वरचे पाय कुठेही असोत, तेच वाचलं जातं. तरीही २६ नंबरच्या पायाला वायरने ५ व्होल्ट दिलेच, लोंबकळता पाय ठेवू नये. दोन्ही चिपांच्या वीजपुरवठ्याला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, बोर्डवर जागा असते.

२५ ऑगस्ट

चालला! खऱ्या मशीनवर, मोठ्या पाठीच्या जुन्या टीव्हीवर 'आट्यापाट्या' अक्षरं उमटली. आणि खेळ सुरू करताच वरच्या भागात कचरा, मैदान दोन-तीन ठिपके वरखाली उडतंय.

एम्युलेटरवर हे कधीच झालं नव्हतं. या नोंदींतली सर्वात कामाची गोष्ट हीच आहे, त्यामुळे जरा सविस्तर.

पडद्यावरचं काही बदलायचं असेल तर ते दोन फ्रेमच्या मधल्या मोकळ्या वेळात बदलावं लागतं. चित्र काढणं चालू असताना व्हिडिओ मेमरीला हात लावला की असाच कचरा होतो. भारतात पाल (५० हर्ट्झच्या पद्धतीचे) टीव्ही, म्हणून मी एम्युलेटर पालवर ठेवून सगळं तपासत होते. युरोपातल्या खऱ्या पाल मशीनला हा मोकळा वेळ ७० ओळींचा मिळतो, म्हणजे प्रोसेसरची सुमारे ७४६० सायकल. भरपूर. पण आपल्या मशीनमधली यूएमसीची जोडी तशी नाही. ती ५० हर्ट्झच देते, पण जादाच्या ५० ओळी चित्र संपल्यावर नुसत्याच घालवते आणि मोकळा वेळ सुरू झाल्याचा इशारा त्यानंतर देते. इशाऱ्यानंतर उरतात फक्त २० ओळी, अमेरिकन-जपानी मशीनइतक्याच, सुमारे २२७० सायकल. त्यातल्या ५१३ स्प्राइट पोहोचवण्यात जातात. उरल्या साडेसतराशे. मी त्यात घड्याळ, गुण, 'बाद' चा फलक आणि रंगबदल, सगळं एकदम करत होते.

रशियात १९९२ पासून विकल्या गेलेल्या डेंडी मशीनमध्येही हीच जात होती, म्हणून एम्युलेटरमध्ये या टायमिंगला डेंडी असं नाव आहे. मेसेनच्या सेटिंगमध्ये रिजन डेंडी केला आणि तोच कचरा तस्साच लॅपटॉपवर दिसला. भारतातल्या जुन्या ५० हर्ट्झच्या मशीनसाठी काही करत असाल तर पहिल्या दिवसापासून डेंडीवर तपासा, पालवर नाही. आणि बोर्ड सर्वात शेवटी मागवू नका, मी पुढच्या गेमला आधी कॅसेट तयार करणार आणि मग गेम लिहिणार.

दुरुस्ती: एका फ्रेमला जास्तीत जास्त ४८ बाईट लिहायचे असा नियम केला. घड्याळ एका फ्रेमला, गुण पुढच्या, फलक चार फ्रेममध्ये तुकड्या-तुकड्याने. डोळ्याला काहीच कळत नाही, पाव सेकंदसुद्धा लागत नाही.

१ सप्टेंबर

जुना टीव्ही चित्राच्या कडा कापतो. वरच्या ८ ओळी जातील हे धरलं होतं, या टीव्हीवर जवळजवळ १४ गेल्या. 'वेळ' ची मात्रा कापली जाऊन 'वळ' दिसायला लागलं. आपल्या लिपीला वरचा भाग कापला जाणं परवडत नाही, इंग्रजीत दोन ठिपके गेले तरी अक्षर ओळखू येतं.

गुणांची ओळ १६ ठिपके खाली सरकवली, ८ ने नाही, कारण रंगसंचाचं जाळं १६ चं. मग सहावी पाटी खाली पडद्याबाहेर जायला लागली. एक पाटी कमी केली, आता पाच. मनाला लागलं, पण पाच पाट्यांत खेळ जास्त मोकळा झाला आणि सुरुवातीला उभं राहायला नीट जागा मिळाली. पडद्याच्या चारही बाजूंनी १६ ठिपके मोकळे सोडून बाकीच्यात गेम बसवा.

८ सप्टेंबर

गणपतीची सुट्टी, संगीत हाती घेतलं. दोन चौकोनी लहरींचे आवाज, एक त्रिकोणी, एक नॉइज. हलगीसाठी नॉइजचा अगदी छोटा ठोका आणि त्याच वेळी त्रिकोणी आवाज झपकन खाली आणायचा, असा घुमारा मिळतो की अंगावर काटा येतो.

मशीनवर लावलं तर सूर जवळपास एक अर्धस्वर वर चढलेले. नेसलिब सुरुवातीला फ्रेमचा वेळ मोजून मशीन पाल की एनटीएससी (अमेरिका-जपानची ६० हर्ट्झची पद्धत) ते ठरवते. आपलं मशीन ५० हर्ट्झ, म्हणून ती पाल समजते आणि १.६६ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरसाठीचे सूर लावते, पण आपला प्रोसेसर चालतो १.७७ वर. फॅमिटोनला जाणारी किंमत बदलून एनटीएससी केली, सूर बरोबर लागले पण लय मंदावली, कारण तो आता ६० हर्ट्झ धरून चालला. शेवटी फॅमिट्रॅकरमध्ये गाण्याचा स्पीड ६ वरून ५ केला. साठातले सहा आणि पन्नासातले पाच, दोन्ही एक दशांश सेकंदच, लय नेमकी जागेवर आली.

एवढं होऊनही एका आवाजाचा पोत वेगळाच येत होता. यूएमसीच्या बऱ्याच जुन्या चिपांत चौकोनी लहरीची २५ टक्के आणि ५० टक्के ही सेटिंग उलटसुलट बसलेली असतात. १२.५ आणि ७५ ला धक्का नाही. आणि ७५ टक्के म्हणजे उलटी केलेली २५ टक्केच, कानाला दोन्ही सारखी. त्यामुळे जिथे २५ होतं तिथे ७५ लिहिलं, ५० वापरणं बंद केलं. आता कुठल्याही मशीनवर सारखंच वाजतं.

२१ सप्टेंबर

दोन बारीक गोष्टी राहिल्या होत्या. शीर्षकाचा पडदा वर सरकून खालून मैदान येतं, तिथे मैदानाऐवजी शीर्षकच परत यायचं. बोर्डवर मिररिंगचा (दोन पडदे कसे मांडायचे ते ठरवणारा) सोल्डरचा ठिपका दुसऱ्या बाजूला होता. एकाखाली एक दोन पडदे हवे असतील तर मशीनच्या व्हिडिओ रॅमचा ए१० हा पाय पीपीयूच्या ए११ ला जोडावा लागतो, शेजारी-शेजारी हवे असतील तर पीपीयूच्या ए१० ला. ठिपका उकरून बदलला.

दुसरी दुसऱ्या पॅडची. या मशीनांच्या दुसऱ्या पॅडला स्टार्ट आणि सिलेक्ट नसतात, जपानी मशीनलाही नव्हते. दोघांच्या खेळात दुसरा खेळाडू पाटीवाल्यांच्या बाजूने खेळतो, पळणारा ज्या पाटीसमोर येईल त्या पाटीवाल्याचा ताबा आपोआप त्याच्याकडे जातो, ए दाबलं की सूर. आधी खेळ थांबवणं दोघांनाही स्टार्टवर होतं, ते दुसऱ्यासाठी ए आणि बी एकत्र दाबण्यावर नेलं.

प्रोग्रॅम ३२ पैकी १९ केबीत बसलाय. उरलेल्या जागेत लोण घालायचंय, म्हणजे शेवटची पाटी ओलांडून परत येतानाचा खेळ. मामांनी सगळे नियम वहीत लिहून पाठवलेत. पळणाऱ्यांचं तोंड दुसरीकडे वळलेलं लागेल, त्यासाठी स्प्राइटच्या २५६ टाइलपैकी ७० मोकळ्या आहेत, पुरतील. दुसऱ्या बोर्डवर चिपा सॉकेटशिवाय थेट बसवून कवचात घालून बघितल्या, झाकण नीट बंद होतं, फक्त कपॅसिटर आडवा झोपवावा लागतो.